दोन तास सत्तावन्न मिनिटं

दार ओढून घे. अजून. रबराची कड घट्ट बसली पाहिजे... हं, बसली. बघ, रस्त्यावरच्या गाड्या गेल्या, पंखा गेला, सरांचा खोकलाही बाहेरच राहिला. कानाची तपासणी करायची ही खोली. इथे पहिल्यांदा बसलेल्या प्रत्येकाला स्वतःचं गिळणं ऐकू येतं. तुलाही येईल, घाबरू नकोस. हा छोटा दिवा तेवढा राहू दे.

उद्यापासून माझ्या घरभेटी तू करणार, म्हणून ही बॅग तुझ्या हवाली करते. ब्रश, बॅटऱ्या, लॅपटॉपची वायर, आणि ही ऐकायची नळी. डॉक्टरांच्या नळीसारखीच आहे, फक्त खालच्या टोकाला श्रवणयंत्र अडकवायचं. पेशंटला त्यातून काय ऐकू जातंय ते आपल्याला कळतं. हे सगळं तुला कॉलेजात शिकवलं असेल. जे शिकवलं नसेल, ते सांगायला तुला थांबवून घेतलंय.

सरांचा एक नियम आहे. पेशंटशी बोलायचं नाही, घरच्यांशी बोलायचं. "म्हाताऱ्यांशी बोलत बसलीस तर दिवसाला दोनच घरं होतील," हे त्यांचं वाक्य. मला हा नियम फार आवडायचा. खोटं कशाला बोलू, म्हाताऱ्या माणसांचा मला वीट येतो. आमच्या बाबांचंच घे. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून एकेक गोष्ट चारचारदा. मी दारातून आत आले की सुरू. "ऐक ना गं, आज काय झालं..." मी चप्पल काढता काढता म्हणते, "बाबा, मुद्द्याचं बोला." मग ते हसतात, "काही नाही, राहिलं," म्हणतात आणि बाल्कनीत जातात. तू कशाला मान हलवतेस? तुमच्याकडेही तेच असणार.

तर, ज्या घराचं तुला सांगायचंय, तिथे मी पहिल्यांदा गेले ती साधी तिमाही सर्व्हिसिंगची भेट होती. यंत्र साफ करा, नोंदी तपासा, फॉर्मवर सही घ्या, निघा. वीस मिनिटांचं काम. लाँड्रीमागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला तळमजल्याचं घर. दुपारचे दोन. लाँड्रीच्या वाफेचा फुस्स असा आवाज ठरावीक वेळाने यायचा आणि सगळ्या बोळात ओल्या, तापलेल्या सुती कपड्यांचा वास भरून राहिला होता.

दार मुलीने उघडलं. मुलगी म्हणजे पंचावन्नची. आधी ग्रंथपाल होत्या, आईसाठी नोकरी सोडली. मी त्यांना ताई म्हणायचे. स्वच्छ, इस्त्रीची साडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं एक छोटं पाकीट, आणि आवाज इतका हळू की आपोआप आपणही हळू बोलायला लागतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं ना?" असं विचारायची सवय. त्यात 'ना' जरा लांबवायच्या, वर उचलून.

"या मॅडम. आई आत आहे. तिला काही विचारू नका, मी सांगते सगळं. कळलं ना?"

माझ्या पथ्यावरच पडलं.

आजी खिडकीजवळ उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. खिडकी बंद. ओठ सुकून पांढरे पडलेले. पाण्याचा पेला होता, भरलेला, झाकण ठेवलेला, पण समोरच्या भिंतीवरच्या फळीवर. खुर्चीशेजारी स्टुलावर अंड्याच्या आकाराचा पिवळा टायमर, स्वयंपाकघरात असतो तसा, पिळून लावायचा. हे सगळं मला दिसलं बरं का. दिसलं आणि मी पुढे गेले.

यंत्र आजींच्या कानात नव्हतं. कपाटाच्या माथ्यावर, ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत होतं. ताईंनी दुसऱ्या खुर्चीवर चढून दोन्ही कानांची जोडी खाली काढली. मी फॉर्म उघडला.

"रोजचा वापर?"

"दिवसभर घालते. झोपताना काढते."

मी वायर जोडली आणि नोंदी उघडल्या. ही नवी यंत्रं सगळं लिहून ठेवतात. किती वाजता चालू झालं, किती वेळ चाललं, आजूबाजूला बोलणं होतं की गोंगाट की शांतता. नव्वद दिवसांची नोंद समोर आली. रोज सकाळी दहाला तीन मिनिटं. नव्वदच्या नव्वद दिवस. ना दोन, ना चार.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी लॅपटॉप ताईंकडे वळवला तेव्हा त्या बिचाऱ्या एवढ्या ओशाळल्या. "काय सांगू मॅडम. मी घालते आणि ती ओरबाडून काढते. आवाज टोचतो म्हणते. आता लोकांना काय सांगायचं, म्हणून दिवसभर म्हणते झालं."

आणि मला पटलं! लगेच पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं. ही म्हातारी माणसं अशीच. इतकं चांगलं यंत्र आणून द्या आणि यांची नाटकं. मी आजींच्या कानात यंत्र बसवलं आणि लहान मुलाला दटावतात तशी ओरडले, "आजी! यंत्र काढायचं नाही हं! शहाण्यासारखं वागायचं!"

आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग एकदम वेगळ्याच, स्वच्छ, कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

ताई हसल्या. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती चौतीस वर्षं. ट्रंक कॉल जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मधे येऊन असं विचारायचं असतं. आता तेवढंच डोक्यात राहिलंय. तुम्ही एक करा ना... आवाज जरा कमीच करून ठेवा यंत्राचा. अगदी कमी. तिला त्रास नको."

मी केला. या दोन बोटांनी, तीन कळा दाबून. इतका कमी केला की कानात घातलं काय आणि नाही काय. फॉर्मवर लिहिलं, 'पेशंटच्या सोयीनुसार बदल'. पेशंटला विचारलंच नव्हतं.

निघताना आजींनी माझा हात धरला. त्यांच्या दोन्ही मनगटांवर बोटभर रुंदीचा तांबूस पट्टा उमटलेला होता. घड्याळाचा असेल, म्हटलं. दोन्ही मनगटांवर घड्याळ कोण बांधतं, हा प्रश्न मला बोळाच्या तोंडाशी आल्यावर पडला. पण तेवढ्यात बस आली आणि मी चढले.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. इतक्या हळू बोलत होत्या की मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले.

"मॅडम, यंत्र शीळ घालतंय."

"कानात नीट बसलं नसेल."

"कानात नाही हो... डबीत. कपाटावर. बंद डबीत."

"मग बॅटरी काढून ठेवा की."

"बॅटरी माझ्या गळ्यात आहे."

गेले मी. दुपारी साडेबाराची वेळ. ताईंनी गळ्यातलं पाकीट उघडून दाखवलं, आत खरंच दोन बॅटऱ्या. "आई गिळेल म्हणून माझ्याजवळ ठेवते. सकाळी घालते, लगेच काढते." यावेळी 'दिवसभर' म्हणायचं त्या विसरल्या. आता मला ताईंचा संशय यायला लागला होता, आणि गंमत म्हणजे ताईंना माझा.

"तुम्ही त्या दिवशी यात काही बसवलंत का? ऐकण्याचं?" त्यांनी विचारलं.

"ताई, हे कानाचं यंत्र आहे. हेरगिरीचं नाही."

"मग माझ्या घरात कोण येतं ते सांगा. दुपारी मी आतल्या खोलीत पडते. आणि आई कोणाशी तरी बोलते. कानात काही नाही, तिला ढिम्म ऐकू येत नाही, तरी बोलते. आणि मधे थांबते... समोरच्याला बोलू द्यावं तशी. दाराला आतून कडी असते. कळलं ना?"

मी नोंदी उघडल्या. सकाळी दहाला तीन मिनिटं होतीच. त्याखाली आणखी एक ओळ होती, रोज. दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी सुरू, चारला बंद. दोन तास सत्तावन्न मिनिटं. प्रकार, बोलणं. आवाज एक. अंतर, अगदी जवळ. आणि ही ओळ कधीपासून? मी आवाज कमी करून गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

बॅटरीशिवाय यंत्र म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, हे तुला वेगळं सांगायला नको. त्याला वेळ कळत नाही, लिहिता येत नाही. मी चिडले. मला न कळणाऱ्या गोष्टींवर मी चिडतेच. "हे बघा, मेलेलं यंत्र आहे," म्हणत मी ते नळीच्या टोकाला अडकवलं, बॅटरीची खिडकी उघडी, आत रिकामं, आणि ताईंना दाखवायचं म्हणून नळी स्वतःच्या कानांत घातली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"...आणि मग बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं. आई, ऐक ना. माझा हा दात हलतोय. हा बघ, जिभेने ढकलला की हलतो. बुटाचा पट्टा तुटला पण मी रडले नाही. कळलं ना?"

लहान मुलगी. सात-आठ वर्षांची. कुजबुजत होती, कोणी झोपलेलं उठू नये अशी. आणि तो शेवटचा 'ना' लांबवलेला, वर उचललेला.

ताई माझ्यासमोर उभ्या होत्या. तोंड मिटलेलं.

त्यांच्या खांद्यावरून मला खुर्ची दिसत होती. आजींच्या कानात काहीही नव्हतं. त्यांनी मान किंचित तिरकी केली, दाद दिल्यासारखी हलवली आणि म्हणाल्या, "मग? चप्पल घालून आलीस घरी?"

नळीत ती मुलगी खुदकन हसली. "नाही गं, एक बूट हातात घेऊन!"

मी नळी ओढून काढली. ताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "काय आहे त्यात?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरघर. दुरुस्त करावं लागेल." का खोटं बोलले, माहीत नाही. एवढंच वाटलं की या बाईला हे कळता कामा नये. यंत्र तिथेच टाकून आले, दुरुस्तीला न घेताच. हे ताईंच्याही लक्षात आलं असेल.

दोन दिवस मी काम धड करू शकले नाही. सारखी ती मनगटं डोळ्यांसमोर येत होती. तिसऱ्या दिवशी न कळवता गेले. लाँड्रीवाल्याने इस्त्री न थांबवता सांगितलं, "ताई आत्ताच औषधं आणायला गेल्या. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं हो. म्हातारीचं एवढं करते, पण तोंडातून चकार शब्द नाही."

घराला बाहेरून कडी होती. कुलूप नव्हतं. मी कडी काढली.

वास आधी आला. ओला, तिखट, कालपासूनचा. आजी खुर्चीतच होत्या आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांना कापडी पट्ट्यांनी बांधलेले होते. पट्ट्यासुद्धा कडक इस्त्रीच्या, बघ. गाठी छान, फुलासारख्या. मी त्या सोडताना माझीच नखं मोडली. फळीवरचा पेला काढून त्यांच्या तोंडाला लावला. त्या पाणी पीत होत्या तो आवाज या खोलीत बसलं की मला अजून ऐकू येतो.

मग मी कपाटावरून डबी काढली, माझ्या बॅगेतल्या बॅटऱ्या घातल्या, त्या दिवशी कमी केलेला आवाज परत वाढवला, दोन्ही यंत्रं त्यांच्या कानांत बसवली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा पेशंटला विचारलं.

"आजी, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी आधी टायमरकडे पाहिलं. "किती वेळ आहे?"

"हवा तेवढा."

विश्वास बसला नाही त्यांचा. तारेची भाषा असते ना, तसं भराभर सुरू झालं. "पाणी. संडासला जायचंय. डावी कंबर दुखते. खुर्ची फिरवा, ऊन डोळ्यांवर येतं. दुपारची गोळी मिळाली नाही. पाणी." मग थांबून, श्वास घेऊन, "हे रोज पाठ करून ठेवते मी. दहाला ती यंत्र घालते आणि हा टायमर लावते. तीन मिनिटांत जे मागितलं ते मिळतं. विसरलं ते दुसऱ्या दिवशी. आता तेही बंद झालं... तीन आठवडे ती बोलताना दिसते, पण ऐकूच येत नाही. ती विचारते आणि मला कळत नाही, काय विचारलं. मग ती म्हणते, आईला काही नको."

तीन आठवडे. माझी दोन बोटं, तीन कळा.

मी त्यांना आधार देऊन संडासात नेलं, साडी बदलली, परत बसवलं. वेळ गेला त्यात. मग मी विचारलं, जे विचारायला खरं तर आले होते. "आजी... दुपारी कोण येतं?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "छोटी येते. आमची छोटी. माझी दुहेरी पाळी असायची, रात्रीची करून यायचे आणि चारला परत जायचे. ती एकला शाळेतून यायची. एक ते चार, तीन तास आम्ही दोघीच घरात. मला झोप लागायची गं. डोळे उघडत नसत. मी म्हणायचे, तीन मिनिटं, बोल. झाली की कूस बदलायचे. उरलेला वेळ ती उशाशी बसून नुसते ओठ हलवायची, आवाज न करता. मला दिसायचं. मी डोळे मिटल्याचं सोंग करून बघायचे." त्यांनी माझा हात धरला. "आता ऐकते सगळं. वाटतं, एक दिवस तिचं सांगून संपेल आणि ही मोठी मला सोडेल. पण ते संपतच नाही."

"काय संपत नाही?"

दारात ताई उभ्या होत्या. हातात औषधांची पिशवी. कधी आल्या कळलंच नव्हतं.

"ऊठ तिथून," त्या मला म्हणाल्या. आवाज तसाच हळू, पण 'मॅडम' गेलं होतं.

"तुम्ही यांना बांधून ठेवता?" माझा आवाज मात्र चढला. "लाज नाही वाटत? सख्खी आई आहे तुमची!"

"तुला काय माहीत गं? काल आलेली पोर तू. चौतीस वर्षं ही बाई जगाला जोडून देत होती. परक्या माणसांशी काय गोड बोलायची! मला काय मिळायचं? तीन मिनिटं, बोल. मी तेच देते. एक सेकंद कमी देत नाही. घड्याळ लावून देते, कळलं ना?"

"तिचं बरोबर आहे," आजी म्हणाल्या.

हे मला सहन झालं नाही. काय 'बरोबर आहे'? मी ताडकन उठले. आजींच्या उजव्या कानातलं यंत्र काढलं, त्याची बॅटरी ताईंच्या डोळ्यांदेखत काढून जमिनीवर टाकली, नळीला अडकवलं आणि नळी त्यांच्यापुढे धरली. "घ्या. घरात कोण येतं विचारत होतात ना? ऐका."

घड्याळात एक वाजून तीन मिनिटं होत होती. बाहेर लाँड्रीची वाफ सुटली, फुस्स... आणि थांबली.

ताईंनी नळी कानांत घातली. आधी कपाळावर नुसती आठी. मग ती आठी विरघळली, मग सगळा चेहराच सैल पडला, एखादी पिशवी खाली ठेवल्यावर पडते तसा. त्यांच्या हातातली खरी पिशवीसुद्धा सुटली. गोळ्यांची पाकिटं फरशीवर पसरली. मी वाट पाहत होते की त्या रडतील. माफी मागतील. असं काहीतरी.

त्या खाली वाकल्या. जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे कोणी नव्हतं तिथे बघत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू... हळू बोल," त्या म्हणाल्या. "आई उठेल."

आणि स्टुलावरचा टायमर वाजायला लागला. तो कोणीही पिळला नव्हता. मी जवळच उभी होते, मी शपथेवर सांगते.

मी तिथून पळाले. तुझ्यापाशी कबूल करते, आजींना तिथेच ठेवून पळाले. बोळाच्या तोंडाशी येऊन वृद्धांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी बाईंना फोन केला. सर म्हणाले, "लोकांच्या घरात नाक कशाला खुपसतेस?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे नको. सरकारी बाई चौथ्या दिवशी आल्या. आजींना त्यांनी दवाखान्यात हलवलं. अंगातलं पाणी संपलं होतं, मूत्रपिंडं थकली होती. दहा दिवस होत्या वॉर्डात. यंत्र दिवसभर कानात, उशाशी पेला, नर्स येता-जाता बोलायच्या. मी रोज जायचे आणि बसायचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरी दुपारी कोण असतं?"

"ताई असतात."

"मोठी ना? ती कुठली ऐकायला. छोटीचं कोण ऐकणार?" मग जरा वेळाने, डोळे मिटून, "तू ऐकशील? तुला वेळ असतो का?"

मी काय म्हणणार? मरणाऱ्या बाईला नाही म्हणतात का? "हो," म्हटलं.

हे झालं दीड महिन्यापूर्वी. गेल्याच्या गेल्या सोमवारी ताई दुकानात आल्या. चौकशी चालू आहे त्यांची, पण साडी तशीच कडक. काउंटरवर डबी ठेवली. "परत घ्या. रोज एक ते चार त्या खुर्चीत बसते मी, ही नळीसुद्धा विकत आणली. काही येत नाही आता. एक शब्द नाही." मग त्या काउंटरवर ओणवल्या आणि माझ्यामागच्या फळ्यांकडे, नव्या यंत्रांच्या बंद खोक्यांकडे एकेक करून बघायला लागल्या. "इकडे आलीय का ती?"

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "ताई, मुद्द्याचं बोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतकं गोड हसल्या. "आईपण अशीच म्हणायची."

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. आमचे बाबा बोलायचे थांबले. आजारी नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, बाल्कनीत बसतात. मी दारातून आत आले की मान वर करतात आणि परत खाली घालतात. परवा मीच म्हटलं, "बाबा, काय सांगत होतात त्या दिवशी?" तर ते हसले आणि म्हणाले, "सांगितलं की." आई म्हणते, "बरंच झालं ना? तुला कटकट व्हायची."

हं. आता हे बघ. कालच आलेल्या मालातलं खोकं. सील तूच फोड, म्हणजे मी काही केलं असं वाटायला नको. बॅटरी अजून वेगळ्या पुडीत आहे, बघितलंस? कोणाच्या कानात गेलेलं नाही. आज सकाळी मी खोक्याबाहेरूनच बिनतारी जोडून नोंद उघडली. बॅटरीशिवाय जोडलं जायलाच नको, तरी गेलं. कोरी असायला हवी. नाहीये. प्रकार, बोलणं. आवाज एक. अंतर, अगदी जवळ. तास मोजले नाहीत मी. खाली जावं तशा ओळीच ओळी होत्या.

नळी मी लावलेली नाही. दिवसभर हिंमत झाली नाही. म्हणून तुला या खोलीत आणलं. इथे बाहेरचं काही आत येत नाही. जे ऐकू येईल ते यातलंच असेल.

घे. कानात घाल. काय बोलतंय ते मला सांगू नकोस, मी तुला विचारणारही नाही. मला फक्त एवढंच सांग...

आवाज लहान मुलीचा आहे, की म्हाताऱ्या माणसाचा?